आधी भाजी, मग भाव

डावं आणि उजवं हे शब्द सरांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. "तुमच्या नैर्ऋत्येला विळा पडलाय, तेवढा द्या," असं ते सहज म्हणायचे, आणि ज्याला सांगितलं तो माणूस वाफ्यात उभ्या उभ्या स्वतःभोवती गिरकी घ्यायचा. आमचे हे तर इतके गोंधळायचे, की शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. आधी समुद्राचा वारा कुठून येतोय ते बघायचं. भुईगावात समुद्र पश्चिमेला, एवढं पक्कं केलं की बाकीच्या दिशा आपोआप जागेवर येतात. न्हाव्याकडेही सर म्हणे "दक्षिणेचा कल्ला वर गेलाय" असं सांगायचे, आणि त्याने त्यांच्यापुरती खुर्ची कायमची पूर्वेकडे तोंड करून ठेवली होती. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण खोटंही वाटत नाही.

त्यांची उभी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून आम्हीही सर म्हणू लागलो. त्यांनी आमचं आडनाव कधी विचारलं नाही. सासर साताऱ्याकडचं आहे हे कळल्यावर 'सातारकर' आणि 'सातारकरबाई' असं आमचं बारसं त्यांनीच उरकून टाकलं. माणसाचं गाव कळलं की नावाची गरज उरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सर गेले, त्याला आता दोन पावसाळे झाले. अजूनही कुणी मला रिक्षात "डावीकडे घ्यायचं ना?" म्हणालं की मी आधी समुद्र शोधते.

त्यांची आणि आमची गाठ पडली ती माझ्या मेथीमुळे. आम्ही तेव्हा आचोळ्याला राहायचो, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. माझं माहेर शेतकऱ्याचं. हाताला माती लागली नाही तर मला चैन पडत नाही, याला खोड म्हणा की रोग म्हणा. रंगाचे रिकामे डबे, फुटकी बादली, मासळीची थर्माकोलची खोकी, मिळेल त्यात मी खिडकीच्या जाळीत मेथी, कोथिंबीर, मिरच्या लावायची. पाणी घातलं की ते खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या पापडांवर ठिबकायचं. एकदा सोसायटीची अख्खी सभा माझ्या मेथीवर झाली. टाकीची गळती, लिफ्टचं बंद पडणं, सगळं राहिलं बाजूला. शेवटी ठराव झाला, जाळीत फक्त तुळस चालेल. त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, मला आता जमीन पाहिजे. थोडी का असेना, पण पायाखाली माती, वर आपलं छप्पर आणि ताटातली भाजी दारातली.

हे म्हणाले, "बघू." ह्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही'. गेली कित्येक वर्षं मी ते ऐकून घेतलं होतं. या खेपेला मात्र मी पिच्छा सोडला नाही, कारण ह्यांची निवृत्ती तोंडावर आली होती आणि फंडाचे पैसे एकदा हातात आले की ते भाच्याच्या लग्नात आणि गाडीच्या हौसेत कसे विरघळतात हे मी दिराच्या घरी पाहिलं होतं. आत्ता नाही तर कधीच नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग सुरू झाली आमची वणवण. चांदीपकडे एक तुकडा बघितला. एजंट म्हणाला, स्टेशनपासून पंधरा मिनिटं. कशाने, ते त्याने सांगितलं नव्हतं. एका ठिकाणी घर छान, पण जमीन म्हणजे घराभोवतीची फरशी. एका ठिकाणी जमीन छान, पण मालक नऊ आणि त्यांतले दोघे एकमेकांचं तोंड बघत नव्हते. शेतजमीन घ्यायची तर आधी आपण शेतकरी असावं लागतं, ही आणखी एक मेख. त्यातून मात्र आम्ही सुटलो, कारण साताऱ्याकडे, माणच्या माळावर ह्यांच्या वाट्याला एक तुकडा आलेला आहे. त्यात आजवर दगडांखेरीज काही पिकलेलं नाही. सासरे त्या जमिनीला शिव्या घालत गेले, पण अखेर तिनेच आम्हाला शेतकरी ठरवलं.

आणि जिथं सगळं जुळायचं तिथं भाव ऐकून आम्ही चहा न पिता उठायचो.

आमच्या बाजारात भुईगावची एक भाजीवाली बसायची. तिच्याकडचा लाल माठ बघितला की माझा जीव जळायचा. तीच एकदा म्हणाली, "आमच्या गावात एक सर आहेत. त्यांनी पाटी लावलीय. पण डोक्याने जरा असे आहेत हं." असे म्हणजे कसे, हे तिला सांगता येईना. तिच्याकडून नंबर घेऊन मी फोन केला. पलीकडून खणखणीत आवाज आला, रविवारी या, देवळाच्या ईशान्येला घर आहे, कुणीही दाखवेल.

रविवारी आम्ही देऊळ शोधून काढलं, ईशान्येचा अंदाज घेतला आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथल्या घरांच्या कड्या वाजवत फिरलो. नुसतं 'सर' म्हटल्यावर कोणते, ते कुणालाच कळेना. शेवटी देवळातल्या पुजाऱ्यांनी आमची दया येऊन विचारलं, "अहो, ते भूगोलवाले का? मग ते देऊळ हे नव्हे. ते चर्च." भुईगावात चर्चलाही देऊळच म्हणतात, हे आम्हा घाटावरच्यांना कुठून ठाऊक असणार? आम्ही घामाघूम होऊन पोहोचलो तेव्हा सर ओट्यावर वाट बघत बसलेले. उशीर का झाला ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन देवळं असलेल्या गावात आधी कुठलं ते विचारायचं. प्रश्न अर्धवट वाचला की उत्तर चुकतं."

पाटी फणसाच्या खोडाला टांगलेली होती. अक्षर फळ्यावरचं, वळणदार. 'घर व जमीन देणे आहे. आधी भाजी, मग भाव.' विकणे हा शब्द नव्हता.

त्यांच्या वाडीत दोन घरं होती. पुढचं त्यांचं. मागचं लहान, कौलारू, दोन खोल्या आणि पडवी. कधीकाळी तिथं केळी सुकवायचे, मग काही वर्षं त्यांचा भाऊ राहिला, मग भाऊ गेला. त्या घराच्या मागे जमिनीची लांबट पट्टी. आणि दोन्ही घरांच्या मधोमध बावखल. मला हा शब्दही नवा होता. विहिरीपेक्षा पसरट, तळ्यापेक्षा लहान, पायऱ्यांनी उतरून पाणी घ्यायचं. पावसाचं गोडं पाणी धरून ठेवायला जुन्या लोकांनी वाडीवाडीत खणलेली ही बावखलं. ती आहेत म्हणून समुद्र एवढा जवळ असून विहिरी अजून गोड आहेत. गावातली किती बुजली आणि त्यांच्यावर कुठल्या इमारती उभ्या राहिल्या, हे सर बोटाने दाखवत गेले, अर्थात दिशांसकट.

बायको गेलेली, मुलगी नाशिकला. तिच्याकडे जायचं नव्हतं आणि एवढी वाडी एकट्याने होत नव्हती. गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. म्हणून मागचं घर आणि ती पट्टी द्यायची. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "घेतलंत तर पहिल्यांदा काय लावाल?"

मी म्हटलं, "अळू. मोरीचं पाणी तिकडे जातंय ना, ते फुकट चाललंय."

सर हसले नाहीत, पण आत जाऊन त्यांनी आम्हाला थंडगार ताक आणून दिलं. पुढे कळलं की आधीच्या लोकांनी याच प्रश्नाला ड्रॅगन फ्रूट, लॉन आणि 'आम्ही आर्किटेक्टला विचारून सांगतो' अशी उत्तरं दिली होती. त्यांना नुसतं पाणी मिळालं होतं.

भावाचा विषय ह्यांनी काढला तेव्हा सरांनी पाटीकडे बोट दाखवलं. जो घ्यायला येईल त्याला ते एक वाफा देत. त्यात त्याने हंगामभर स्वतः भाजी करायची. मग बोलू. बयाणा नाही, लिहून घेणं नाही. परत येताना हे रिक्षात घर जवळ आल्यावर म्हणाले, "आपण घर बघतोय का मजुरी धरलीय?" मी म्हटलं, मजुरी तर मजुरी, मी येणार आहे.

आमच्यासोबत आणखी काही उमेदवार होते. एक तरुण जोडपं मोठ्या टोप्या घालून यायचं. त्यांनी पहिल्याच दिवशी वाफ्याला नाव दिलं, पाटी लावली, फोटो काढले आणि दोन झाडांमध्ये झोळी बांधून तीत पडून राहिले. पोरं गोड होती. सरांना ती आवडायचीही. पण गोगलगायींनी त्यांची पालेभाजी फस्त केली तेव्हा ती रडवेली झाली आणि पुन्हा दिसली नाहीत. दुसरे एक मोठे अधिकारी होते. त्यांनी वाफ्यासाठी माळी ठेवला आणि स्वतः फोनवर विचारपूस करायचे. माळ्याची वांगी उत्तम आली. हंगाम संपल्यावर साहेब भाव विचारायला आले, तर सर म्हणाले, "वाफा माळ्याने केला. बोलायचं तर त्याच्याशी बोलेन." साहेबांना राग आला. माळ्याला मात्र सरांनी टोपलीभर वांगी देऊन चहा पाजला.

माझा पहिला वाफा काही फार ग्रेट नव्हता. मी आपली देशावरची सवय घेऊन गेले, सरी काढून पाट सोडायला. रेताड जमीन, पाणी सोडलं की गायब. सर बावखलाच्या पायरीवर बसून बघत राहिले. मग सगळं मातेरं झाल्यावर शांतपणे म्हणाले, "साताऱ्याची नदी इथं आणू नका. इथं झाडाला हाताने पाणी पाजायचं." मग मी बादली घेऊन ओंजळीओंजळीने शिंपायला शिकले. माझी कंबर मोडली, पण लाल माठ असा आला की मी चार पेंड्या आचोळ्याला नेऊन खालच्या मजल्यावरच्या पापडवाल्या बाईंना दिल्या.

सर आमच्याशी शाळेतल्यासारखं शुद्ध मराठी बोलायचे. झाडांशी मात्र घरच्या बोलीत बोलायचे. ती बोली मला आजही नीट कळत नाही. केळीला रागावणं, मिरचीची समजूत काढणं, सगळं त्या बोलीत. आणि वाटेपलीकडे एक ख्रिस्ती मावशी राहायच्या, लाल लुगड्यातल्या, सरांच्याच वयाच्या. त्यांच्या घरची बोली आणखी वेगळी. दोघं आपापल्या बोलीत रोज भांडायचे. मला निम्मं कळायचं आणि निम्म्याची गंमत वाटायची.

रोपांच्या बाबतीत सरांचा एक कडक नियम होता. मागून रोप द्यायचे नाहीत. मागितलेलं लागत नाही, चोरलेलं लागतं, हे आपल्याकडच्या सगळ्या बायका म्हणतात, पण सर ते घटनेसारखं पाळायचे. मला त्यांच्या मोगऱ्याची फांदी हवी होती. मी सभ्यपणे मागितली. ते एकदम गंभीर झाले, म्हणाले, "मी आता पूर्वेकडे बघणार आहे," आणि पाठ करून उभे राहिले. मला वाटलं तिकडे काहीतरी दाखवण्यासारखं असेल. मीही त्यांच्या शेजारी जाऊन पूर्वेकडे बघत उभी राहिले. बराच वेळ आम्ही दोघं तसेच. अखेर पलीकडच्या अंगणातून मावशी ओरडल्या, "अगो, तोड की ती फांदी! म्हातारा उभा राहून दमला." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो मोगरा अजून फुलतो.

आता वाटेवरच्या उंडीच्या झाडाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच अडलं होतं.

मुख्य रस्त्यावरून सरांच्या वाडीकडे एक बोळ येते. ती एका जागी वळते, आणि नेमकं त्या वळणावर सरांच्या हद्दीत उंडीचं जुनं झाड होतं, निम्मं खोड बोळीत आलेलं. उंडीचं फळ खाता येत नाही. पूर्वी बियांचं तेल काढून दिव्यात घालायचे, आता तेही कुणी करत नाही. त्या झाडामुळे बोळीत दुचाकी यायची, रिक्षा अडायची आणि मोटार तर येतच नसे. वाटेवरची सगळी घरं सरांच्या मागे लागलेली, झाड काढा आणि कुंपण जरा आत घ्या. गाडी दारात येत नाही म्हणून आमच्या जमिनींना भाव नाही, ही त्यांची तक्रार, आणि ती खरीच होती. सर कुणाला ऐकत नव्हते. पालिकेच्या माणसाला सांगायचे, झाड पोर्तुगिजांच्या काळातलं आहे. वाटेवरच्या तरुण पोरांना सांगायचे, त्यावर वेताळ आहे. मावशींना सांगायचे, तुझ्या मुलाने मोटार विकावी.

मला त्यांनी खरं कारण एकदा सांगितलं. दुपारची वेळ, मी वाल सोलत होते. ते म्हणाले, वाट रुंद झाली की पहिल्यांदा मोटार येत नाही, डंपर येतो. डंपर आला की भराव येतो. भराव आला की बावखल जातं. बावखल गेलं की विहीर खारी होते आणि मग वाडी कशाला ठेवायची, असं वाडीवालाच म्हणतो. उंडीने तो डंपर वळणावर अडवून धरला होता. आणि माझ्या लक्षात आलं की आमच्यासारख्यांना परवडेल असा भाव भुईगावात फक्त याच बोळीत का होता. सरांच्या हट्टानेच ही जमीन स्वस्त राहिली होती.

दसऱ्याला आम्ही सोनं द्यायला गेलो. सरांनी ह्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि त्याच दमात भाव सांगितला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ह्यांच्या फंडात बसत होता. बसून वर घराची कौलं शाकारण्यापुरतं उरतही होतं. दिवाळीनंतर मुलगी नाशिकहून येणार, तिची सही लागणार, तेव्हा खरेदी करू असं ठरलं. कागद काही नाही. नुसता शब्द. परतताना ह्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, मला न विचारता पेढे घेतले.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मावशी चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आल्या आणि ओल्या पायरीवरून घसरल्या. आम्ही वाफ्यात होतो. त्यांचा आवाज ऐकून धावलो. पाय विचित्र वळलेला. मुलाने रुग्णवाहिका बोलावली, ती मुख्य रस्त्यावर येऊन थांबली, पुढे येईना. मग प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना उचललं. मुलगा, ड्रायव्हर, आमचे हे, आणि चौथ्या बाजूला सर. गुडघ्यांचं दुखणं असलेला माणूस, पण त्यांना कोण नको म्हणणार? वळणावर खुर्ची अडली. एका बाजूला भिंत, एका बाजूला उंडी. तिरकी केली, तेव्हा मावशींचा तो पाय खोडावर आपटला. त्या जोरात किंचाळल्या. एरवी त्या बाईने सरांच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले.

रुग्णवाहिका गेली. सर परत येताना वळणावर थांबले, खोडावर हात ठेवला आणि घरच्या बोलीत काहीतरी बोलले. मला शब्द कळले नाहीत. ते माफी मागत होते की रागवत होते, कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी ते स्वतः पालिकेत गेले. झाड काढायच्या परवानगीला इतकी वर्षं एकच अडसर होता आणि तो आता समोर येऊन सही मागत होता. काम लवकर झालं. उंडी गेली, कुंपण आत आलं, वाट सरळ झाली.

आणि त्याच आठवड्यात वाटेवर पांढऱ्या गाड्या दिसू लागल्या. चकचकीत बुटांची माणसं उतरायची, वाड्यांकडे बोट करून बोलायची. शेजारच्याने आपल्या पट्टीला किती सांगितले, हे भाजीवालीने मला आचोळ्याच्या बाजारात सांगितलं आणि मी भाजी न घेताच घरी आले. मावशींना दारातून गाडी मिळणार याचं मला बरं वाटत होतं, मनापासून. आणि आपलं घर हातचं चाललं, हेही दिसत होतं. दोन्ही खरं होतं. हे रात्रभर कूस बदलत राहिले. म्हणाले, शब्दाचं काय, शब्द तर वाऱ्यावर असतो. सरांना विचारायची आमची छाती झाली नाही. आम्ही रविवारी गेलो, वाफ्याला पाणी घातलं आणि परत आलो. सर केळीशी बोलत होते, आमच्याशी नाही.

दिवाळी झाली, मुलगी आली. सरांनी आम्हाला बोलावलं. ओट्यावर आम्ही चौघं. मुलगी समजूतदार, नोकरी करणारी, उगाच आडून बोलणारी नव्हे. तिने आमच्यासमोरच सांगितलं, "बाबा, मी यांच्याविरुद्ध नाही. पण दसऱ्याला रस्ता नव्हता, आता आहे. भाव दुपटीवर गेलाय. तुमच्या म्हातारपणाचा विचार करा." तिचं एक अक्षरही चूक नव्हतं. ह्यांनी मान खाली घातली. मी हातातली वालाची शेंग नुसती मोडत बसले होते. मला वाटलं, आता सर जे म्हणतील ते ऐकायचं, नमस्कार करायचा आणि रडायचं ते घरी जाऊन.

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला. "रस्ता रुंद झाला," ते म्हणाले. "माती जाड झाली का?"

मुलीने मागच्या पट्टीकडे बघितलं.

"यांनी माती मागितली होती. हंगामभर केली. तिचा भाव मी दसऱ्याला सांगितला. रस्ता मी समोरच्या बाईला दिला, तो फुकट दिला. त्याचे पैसे यांच्याकडून कसे घेऊ?"

मग मुलीला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. तिने माझ्याकडे वळून सांगितलं, "माझं लग्नही त्यांनी असंच ठरवलं होतं. मुलाला आधी दोन महिने नारळ उतरवायला लावले." मग तिने सही कुठं करायची ते विचारलं. तिने बापाला एकच अट घातली, ती म्हणजे त्यांनी दुपारी झोपायचं. सरांनी ती अट कधी पाळली नाही. खरेदीत आम्ही आपणहून एक ओळ लिहून घेतली, की बावखल बुजवायचं नाही. वकिलाला ती ओळ कुठं बसवावी ते कळेना. सरांनी त्याला ती जागा दाखवली.

मावशी बऱ्या होऊन घरी आल्या त्या थेट दारापर्यंत मोटारीतून. उतरल्या, काठी टेकली, वळणाकडे बघितलं आणि सरांना पहिलं वाक्य बोलल्या ते भांडणाचंच. झाड कशाला तोडलं, आता माझ्या अंगणात दुपारचं ऊन येतं, म्हणे. सरांचा चेहरा त्या दिवशी महिन्याभरात पहिल्यांदा उजळला.

आम्ही राहायला गेलो तो दिवस सामान लावण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उजाडताच मागच्या पट्टीत उतरले. कुणाची परवानगी नाही, कुणाचे पापड नाहीत, सभा नाही. कुदळ मारली की पाय ओल्या मातीत जायचा. मला इतका आनंद झाला होता की मी एकटीच हसत होते.

सरांच्या बाजूने आमच्या बाजूला यायला कुंपण नाही, मध्ये फक्त कर्दळीची एक ओळ आहे. हंगामभर मी वाफ्यात दिसले की सर त्या कर्दळीतून सरळ आत यायचे, माझ्या वाफ्यावर टीका करायचे आणि निघून जायचे. त्या सकाळी ते कर्दळीशी येऊन थांबले. आंघोळ झालेली, स्वच्छ सदरा घातलेला. जन्मापासून ज्या जमिनीवर चालले, तिच्या कडेला ते चपला काढून उभे होते.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मागे कुणी आलंय का म्हणून मी वळून बघितलं. मग म्हटलं, "सर, विचारता काय असं? तुमचीच वाडी आहे."

ते जागचे हलले नाहीत. "माझी असती तर विचारलं असतं का?" ते म्हणाले. "तुमची आहे. नीट 'या' म्हणा."

हात मातीने भरलेले, ते मी पदरालाच पुसले, सरळ उभी राहिले आणि म्हटलं, "या."